फिरत्या घरांचे नळ आणि हिंवाळा

पुण्यामुंबईच्या गृहिणीस नळाविषयीं एकच चिंता ठाऊक असते : पाणी केव्हां येईल आणि केव्हां जाईल. नळांतील पाणी नळांतच दगडासारखें घट्ट होऊन बसेल व शेवटीं तो नळच फोडील, ही कल्पना तिच्या मनास शिवतहि नाहीं. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या पहांटे दंव गोठलें तर तेवढ्याची वर्तमानपत्रांत बातमी होते. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारें २ कोटि माणसें अशा घरांत राहतात कीं, त्यांपैकीं थंड प्रदेशांतील कुटुंबांना ऑक्टोबर महिना उजाडला म्हणजे प्रथम नळांची आठवण होते.

या घरांस तिकडे मोबाइल होम, म्हणजे फिरतें घर, असें म्हणतात. १९७६ सालीं त्यांच्या बांधणीविषयीं मध्यवर्ती सरकारचे नियम अमलांत आले, आणि पुढें कायद्यानें त्यांस ‘कारखान्यांत बांधलेलें घर’ असें नांव दिलें. पण लोकांच्या तोंडीं जुनेंच नांव राहिलें आहे. त्यांतील ‘फिरतें’ हा शब्द मात्र फसवा आहे. कारखान्यांत पोलादी सांगाड्यावर हें घर उभें राहतें, चाकांवरून एकदां जागेवर येतें, आणि पुढें बहुधा जन्मभर हलत नाहीं. पुष्कळदां घर स्वतःचें आणि त्याखालची जमीन भाड्याची, असा हा संसार असतो. थोड्या मिळकतीच्या कामकऱ्यांस व पेन्शनवरील वृद्धांस परवडणारें घर तें हेंच. जुन्या घरांतील जमीन लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळ्यांची असते. एका रात्रीं नळ फुटून त्या भिजल्या कीं फुगतात, पिचतात, आणि आयुष्याच्या शिलकीचा मोठा वांटा पाण्यांत जातो.

साध्या घरास पाया असतो, तळघर असतें. जमिनीची ऊब थोडीफार त्यास मिळते. फिरत्या घराच्या खालीं मोकळी हवा असते. घराच्या तळाशीं, तुळयांच्या मधल्या पोकळींत, पाण्याचे नळ असतात. त्यांच्याच शेजारून भट्टीची ऊन हवा खेळविणारा पत्र्याचा मार्ग जातो. भोंवतीं कांचतंतूंचें लोकरीसारखें भरण असतें. आणि हें सारें खालून एका जाड काळ्या कापडानें झांकलेलें असतें. हें कापड म्हणजे घराच्या पोटाची कातडीच म्हणावी.

पाणी थंड होतांना ४ अंश सेल्सिअसपर्यंत आकसतें, त्याखालीं फुगूं लागतें, आणि बर्फ होतांना त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यांत बूच लावलेली भरली बाटली विसरली म्हणजे तिचे जे तुकडे होतात ते याच कारणानें. नळाची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. बर्फ धरतो तेथेंच नळ फुटतो असें नाहीं. एके ठिकाणीं बर्फाचा गड्डा धरला व वाढूं लागला म्हणजे तो पुढील पाण्यास तोटीकडे ढकलतो. तोटी बंद असल्यामुळें त्या पाण्यास वाट नसते. दाब अतोनात वाढतो, आणि बर्फाच्या पलीकडे, पाणी अद्याप पातळ असेल तेथें, नळ चिरतो. म्हणूनच कडाक्याच्या रात्रीं तोटी किंचित् सैल ठेवून थेंब थेंब पाणी जाऊं देतात. वाहतें पाणी सहसा गोठत नाहीं हा एक लाभ. पण दाबास वाट मिळते हा त्याहून मोठा. इलिनॉय विद्यापीठांतील संशोधनांत असें दिसून आलें कीं, वेष्टन नसलेल्या नळांस उणें ७ अंश सेल्सिअसच्या सुमारास धोका सुरू होतो. फटींतून वारा लागत असेल तर त्याहून कमी थंडीहि पुरते.

आतां या घरांतील एक विचित्र प्रकार. ऊन हवेचा मार्ग नळांच्या शेजारून जात असल्यामुळें घर तापवितांना भट्टी नकळत नळांसहि ऊब देत असते. इंधन महागलें म्हणजे घरधनी भट्टी बंद ठेवतो आणि खोलीच्या कोपऱ्यांत विजेची शेगडी किंवा रॉकेलचा हीटर लावतो. खोली ऊबदार आहे, मुलें निवांत झोपलीं आहेत, चार डॉलर वांचल्याचें समाधान आहे; आणि त्याच वेळीं पायांखालीं हातभर अंतरावर नळ गारठत आहेत. सकाळीं तोटी फिरवावी तर कोरडी! काटकसर हा सद्गुण खरा, परंतु ती कोठें करावी हें समजण्यास घराची रचना ठाऊक असावी लागते. ज्यास इंधन वांचवावयाचें असेल त्यानें भट्टी थोडी मंद ठेवावी, विझवूं नये. आणि रात्रीं मोरीखालच्या कपाटांचीं दारें उघडीं ठेवावीं, म्हणजे खोलीची ऊब आंतील नळांपर्यंत पोंचते.

पण मुख्य काम त्यापूर्वींचें. ऑक्टोबरांत जमीन कोरडी असतांना कोणीतरी जुने कपडे घालून, हातांत बॅटरी घेऊन, घराखालीं सरपटत गेलें पाहिजे. हें काम कोणासहि प्रिय नसतें, आणि पुष्कळ नळ त्याच कारणानें फुटतात. काळ्या कापडास उंदरांनीं पाडलेलीं भोंकें, मागें दुरुस्तीस आलेल्या प्लंबरनें फाडून तसेंच सोडलेलें तोंड, भिजून लोंबणारें भरण, हें सर्व तेथें गेल्यावांचून दिसत नाहीं. भिजलेलें भरण नसल्यासारखेंच. तें काढून नवें घालावें व कापड सांधावें. घराच्या कडेनें जमिनीपर्यंत पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा आडोसा असतो, त्यास स्कर्टिंग म्हणतात. त्याचा एखादा तक्ता निखळला असेल तर बसवावा, कारण वारा तेथूनच शिरतो. मात्र उत्साहाच्या भरांत सर्व झरोके बुजवूं नयेत. कांहीं घरांत भट्टी आपल्या ज्वलनास लागणारी हवा घराखालूनच घेते. ती कोंडली तर घरांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु पसरण्याचें भय असतें.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे पाणी जमिनींतून वर येतें ती. मिनेसोटा संस्थानाच्या बांधकामनियमांनीं गोठणाऱ्या जमिनीची खोली उत्तरेस ५ फूट व दक्षिणेस साडेतीन फूट धरली आहे. त्याखालून येणारें पाणी सुखरूप असतें. पण वर निघून घराच्या पोटांत शिरेपर्यंत नळाचा जो तुकडा उघडा असतो, तोच बहुधा प्रथम गोठतो. त्यावर विजेनें तापणारी पट्टी, म्हणजे हीट टेप, लावतात व वरून वेष्टन घालतात. नळ प्लॅस्टिकचा असेल तर पट्टी प्लॅस्टिकसाठींच बनविलेली असावी. साधी पट्टी गुंडाळतांना ती स्वतःवरूनच ओलांडून जाऊं नये, नाहींतर तेथें उष्णता सांचून ती जळते. जुनी, चिरलेली पट्टी आणखी एक हिंवाळा चालवून पाहूं नये. अशा पट्ट्यांनीं घरें जळालेलीं आहेत.

शिवाय पट्टीचें बळ विजेवर. फेब्रुवारी २०२१ मध्यें टेक्सास संस्थानांत अशी थंडी पडली कीं, ४५ लाखांहून अधिक घरांची व दुकानांची वीज गेली, दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं, आणि घरोघर नळ फुटले. टेक्सास उष्ण प्रांत. तेथील बांधकामांत थंडीचा विचार फारसा केलेलाच नव्हता. वीज दीर्घकाळ जाणार असें दिसलें म्हणजे पाणी तापविण्याची टाकी बंद करावी, मुख्य तोटी बंद करावी, आणि सर्व तोट्या उघडून नळ रिकामे करावे. रिकाम्या नळास थंडीचें भय नाहीं. ही मुख्य तोटी कोठें आहे हें घरांतील मोठ्या मुलांसहि दाखवून ठेवावें.

इतकें करूनहि नळ गोठलाच, तर ज्योत लावून तो वितळवूं नये. कोरड्या लाकडाचें घर पेटण्यास वेळ लागत नाहीं. तोटी उघडी ठेवावी, आणि केंस वाळविण्याच्या यंत्रानें तोटीकडून सुरुवात करून गोठलेल्या जागेकडे हळूहळू ऊब देत जावें. नळ चिरला असला तरी बर्फ घट्ट आहे तोंवर तो गळत नाहीं. पाणी सुटतें तें वितळल्यानंतर. यासाठीं एकानें ऊब देतांना दुसऱ्यानें मुख्य तोटीपाशीं उभें राहावें, आणि जमिनीखालून पाण्याचा आवाज कानीं येतांच ती बंद करावी.