रूपांतरित खडक आणि पूर्व विदर्भाची भूमी

महाराष्ट्राचा दगड म्हणजे काळा पाषाण, असा सर्वसाधारण समज आहे. तो अगदीच निराधार नाही. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्टने व्यापला आहे. परंतु भंडारा, गोंदिया व नागपूर जिल्ह्याचा उत्तर भाग येथे बव्हंशी त्याहून कितीतरी प्राचीन असे रूपांतरित खडक आढळतात. विहीर खोदावयास घेतली की हे निराळेपण प्रथम जाणवते.

भूकवचाच्या हालचालींमुळे खडक खोल गाडला गेला म्हणजे त्यावर प्रचंड दाब पडतो व त्याचे तापमान २०० अंश सेल्सिअसच्या पुढे, कधी ८०० अंशांपर्यंत चढते. मात्र खडक वितळत नाही. घन अवस्थेतच त्यातील जुनी खनिजे मोडून नवी स्फटिकतात. चिकणमातीच्या थरांचा प्रथम पाटीचा दगड होतो. (शाळेतली जुनी दगडी पाटी ती हीच.) उष्णता व दाब वाढल्यावर अभ्रकाने चमकणारा सुभाजा, आणि त्याहून तीव्र अवस्थेत फिकट-गडद पट्ट्यांचा पट्टिताश्म तयार होतो. एका दिशेने पडणाऱ्या दाबामुळे अभ्रकाचे पत्रे समांतर मांडले जातात व खडकास पापुद्रे येतात. चुनखडकापासून झालेला संगमरवर बहुधा असा सुटत नाही. पापुद्रे आहेत की नाहीत, ही वर्गीकरणाची पहिली कसोटी होय.

दुसरी कसोटी खनिजांची. स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये विशिष्ट खनिजांवरून रूपांतराची तीव्रता ओळखून दाखविली. कायनाइट व सिलिमनाइट यांचे रासायनिक घटक एकच; पण पहिले अधिक दाबाचे, तर दुसरे अधिक उष्णतेचे द्योतक आहे. भंडारा जिल्ह्यात ही दोन्ही सापडतात आणि भट्ट्यांच्या उष्णतारोधक विटांसाठी वापरली जातात. चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजही अशाच थरांतले. पोलादास ते अत्यावश्यक आहे. या पट्ट्यातील एका मँगनीजयुक्त खडकास फर्मोर यांनी गोंड लोकांवरून दिलेले ‘गोंडाइट’ हे नाव जगभर रूढ झाले.

खाणी मोजक्या गावांत असतात. पाण्याचा प्रश्न मात्र प्रत्येक गावाचा आहे. अभंग रूपांतरित खडकात पाणी जवळजवळ साठत नाही. ते वरच्या झिजलेल्या मुरमात व खालच्या भेगांत राहते. बेसाल्टच्या मुलखात दोन लाव्हाथरांमधील सच्छिद्र भागात पाणी लागते. तो ठोकताळा येथे चालत नाही. भेगा खोलीबरोबर साधारणतः विरळ होत जातात, म्हणून केवळ अधिक खोल गेल्याने पाणी वाढेलच असे नाही. पंचायतीने विहिरीची जागा निश्चित करण्यापूर्वी मुरमाची जाडी व भेगांची दिशा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून तपासून घ्यावी.