कारवीचे आठ पावसाळे



भोर आणि वेल्हे या तालुक्यांतील जनतेला कारवीची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव लाभले आहे. परंतु राजगड आणि तोरणा यांच्या उतारांवरील कारवीचे रान पूर्वीचेच आहे. घराचा कूड कारवीचा, परसाचे कुंपण कारवीचे आणि काकडी-दोडक्याच्या वेलांना आधारही कारवीचाच. काठी म्हणून जिचा परिचय घरोघरी आहे, तिच्या फुलाचा विचार मात्र क्वचितच होतो. आजचा विषय आहे ते हे फूल आणि त्यावर येणारी मधमाशी.

कारवी ही अडुळशाच्या कुळातील बहुवर्षायू वनस्पती होय. शास्त्रज्ञ तिला स्ट्रोबिलँथस कॅलोसा म्हणतात. दर पावसाळ्यात ती पालवते आणि उन्हाळ्यात तिच्या केवळ काठ्या उरतात. अशी सात वर्षे गेल्यानंतर साधारणतः आठव्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात संपूर्ण डोंगरउतार एकाच वेळी जांभळ्या-निळ्या फुलांनी भरून जातो. बोंडे धरली की झाड वाळते. पुढील वर्षी पहिल्या पावसाचा ओलावा लागताच ती बोंडे तडकन फुटतात, बी दूर फेकले जाते आणि नवी पिढी रुजते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कारवी २००८ मध्ये आणि त्यानंतर २०१६ मध्ये अशीच बहरली होती. केरळातील नीलकुरिंजी हिचीच भगिनी. तिचा बहर बारा वर्षांनी येतो.

आयुष्यात एकदाच फुलणाऱ्या या झाडाचे भवितव्य त्या एका हंगामावर अवलंबून असते. बहराच्या आधी सरसकट तोड झाली, बोंडे वाळत असताना वणवा लागला किंवा कोवळ्या रोपांवर गुरे सुटली, तर त्या उतारावर बी उरत नाही. त्या मोकळ्या जागेत घाणेरी आणि रानमोडी शिरतात. ही हानी त्या वर्षी दिसून येत नाही. ती आठ वर्षांनी दिसते, आणि तेव्हा उपाय करण्याची वेळ टळून गेलेली असते.

या प्रश्नाचा शेतीशी काय संबंध, असे कोणी विचारील. भाताला मधमाशीची गरज नाही, हे खरे आहे. परंतु वरकस जमिनीवरील कारळ्याची गोष्ट वेगळी आहे. कारळ्याच्या झाडाला स्वतःच्या परागाने दाणा नीट धरत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग आणून देणारा कीटक लागतो. काकडी, दोडका आणि भोपळा यांच्या नर आणि मादी फुलांमध्येही हाच दूत ये-जा करतो. कपारीत किंवा झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी, कड्यावर पोळे बांधणारी आग्या आणि झुडपांत एकच लहान पोळे करणारी फुलोरी या आपल्या मुलखातील माश्या हे काम विनामूल्य करतात. शेजारच्या महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातील पहिले मधाचे गाव म्हणून घोषित झाले. मधमाशांविषयी संशोधन व प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे. मार्गदर्शनासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

गावाने अथवा शाळेने कारवीची लागवड करावयाची झाल्यास ती अवघड नाही. बहरानंतरच्या उन्हाळ्यात वाळलेली बोंडे जवळच्याच डोंगरावरून, परवानगीने आणि थोडीच घ्यावीत. बाकीची डोंगरासाठी ठेवावीत. पावसाच्या आरंभी पाण्याचा निचरा होणाऱ्या उतारावर बी पेरावे. खताची किंवा नांगरटीची गरज नाही. पहिली दोन वर्षे गुरांपासून राखण करावी आणि दर हिवाळ्याच्या अखेरीस भोवती जाळरेषा काढावी, एवढे पुरेसे आहे.

तथापि, केवळ कारवीवर विसंबून चालणार नाही. मधमाशीला बारा महिने अन्न हवे. ती आठ वर्षे थांबू शकत नाही. म्हणून त्याच बागेत पावसाळ्यासाठी रानहळद, तेरडा व निर्गुडी, पाऊस ओसरताना सोनकी, हिवाळ्यात अडुळसा आणि उन्हाळ्याच्या तोंडी धायटी व जांभूळ असावीत. ही सर्व येथीलच झाडे आहेत. कळलावीचे फूल सुंदर असले, तरी तिचा कंद विषारी असल्याने शाळेच्या आवारात ती लावू नये. बहरलेल्या बागेवर आणि लगतच्या शेतात फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशकाची फवारणी टाळावी.

येथे एक अडचण स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांची आणि कारवीची आठ वर्षांची. जे सदस्य आज बी टाकतील, ते बहराच्या वेळी पदावर असतीलच असे नाही. शिक्षकांची बदली होईल, अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यात जातील. यास्तव हे काम व्यक्तीच्या उत्साहावर न सोडता नोंदीवर सोपवावे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावयाची आहे. कोणत्या उतारावर कारवी कोणत्या वर्षी फुलली आणि पुढील बहर केव्हा अपेक्षित आहे, हे तीत लिहून ठेवावे. त्या वर्षी तोड व चराई बंद ठेवण्याचा ठराव ग्रामसभेने वेळीच करावा. बहराचे वर्ष गावातील वृद्धांना बहुधा स्मरत असते. ते त्यांच्या तोंडून उतरवून घेण्याचे काम शाळेतील मुले उत्तम करतील.

पहिल्या इयत्तेत असताना ज्या मुलाने कारवीचे बी टाकले, ते आठवी-नववीत जाईल तेव्हा तो उतार फुलेल. पदाधिकारी बदललेले असतील; परंतु ते मूल गावातच असेल आणि कारवीची काठी तोडण्यापूर्वी नोंदवहीतील वर्ष पाहावे, हे ते मोठ्यांना सांगू शकेल. तेवढे झाले, तरी आज टाकलेले बी वाया गेले नाही असे समजावे.