झपाटणारं कोण?
‘झपाटून कामाला लागला’ असं आपण कौतुकानं म्हणतो. शब्दामागची भीती मात्र जुनी आहे: वेड लागलं म्हणजे अंगात कुणीतरी शिरलं! आयुर्वेदाच्या चरकसंहितेत उन्मादाचे, म्हणजे वेडाचे, पाच प्रकार आहेत. चार वात, पित्त, कफ आणि तिन्हींच्या एकत्र बिघाडाचे, पाचवा आगंतुक, म्हणजे बाहेरून आलेला. त्याला देव, गंधर्व, यक्ष, राक्षस, पिशाच, अगदी पितरसुद्धा कारण मानलेत. गंमत पुढेच आहे. त्याच ग्रंथाच्या निदानस्थान या भागात बजावलंय, की देव असो वा पिशाच, निर्दोष माणसाला कुणी छळत नाही. मूळ आहे प्रज्ञापराधात, म्हणजे बुद्धी, धैर्य, स्मृती ढळून हातून घडलेल्या चुकीत. देवांवरचा आळ टळला खरा, पण तो आला रुग्णाच्याच माथी! उपचारांत कल्याणक घृतासारख्या औषधी तुपांबरोबर मंत्र आणि होमही राहिलेच.