रेशनकार्डाची पिशवी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला आणि मी 'रेशनकार्ड' म्हणताच त्यांना हसू आवरेना. वर्धापनदिनाला कोणी नाट्यसंगीतावर बोलते, कोणी मुलांच्या आहारावर बोलते, आणि ही बाई शिध्याचे कागद घेऊन उभी राहते! परंतु मुलुंडला संसार करताना माझा जितका वेळ स्वयंपाकात गेला, त्याच्या खालोखाल कागद सांभाळण्यात गेला आहे. तेव्हा ज्यातले थोडेफार कळते, त्यावरच बोललेले बरे.

मुंबईत धान्याचे रेशनिंग आले ते महायुद्धात, १९४३ साली. आपले मुलुंड त्या वेळी मुंबई महापालिकेत नव्हते. ते १९५७ साली आले. पुढे पी. एल. ४८० चा अमेरिकन गहू आला, १९७२ च्या दुष्काळात तांबडी मिलो ज्वारी आली. तिची भाकरी थापताना हात कसे टेकीला येत, ते आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी सांगावे. त्याच दिवसांत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्यामागून मुंबईच्या बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, हे तर सर्वांना ठाऊकच आहे.

माझ्या सासूबाई मोर्चाला गेल्या की नाही, ते मला माहीत नाही. पण कार्ड सांभाळण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. नेसून विरलेल्या इरकलीच्या काठाची त्यांनी एक पिशवी शिवली होती. तिला तीन कप्पे होते. ती खुंटीला टांगलेली असे आणि सासऱ्यांनाही तिला हात लावण्याची परवानगी नव्हती. त्या काळी माल घेतला की कार्डाच्या पानावर नोंद होई आणि घरात गॅस आला की गॅसधारक म्हणून शिक्का बसे. तो शिक्का बसला, तेव्हा रॉकेल कमी होणार म्हणून सासूबाईंना दोन दिवस जेवण गेले नाही.

हल्ली नोंद कार्डावर होत नाही, यंत्रात होते. अंगठा लावला की चिटोऱ्यासारखी पावती बाहेर येते. पुष्कळ बायका ती दुकानाच्या पायरीवरच टाकून देतात. मला सांगावयाचे आहे ते या पावतीबद्दलच.

आमच्या मागच्या वस्तीतील एक बाई चार घरची धुणीभांडी करतात. घरात माणसे चार. अन्नसुरक्षेच्या कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य आहे, म्हणजे त्यांचा हक्क २० किलोंचा. आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य फुकट आहे. बाईंना लिहिता येते ते जेमतेम आकड्यांपुरते. पण दुकानातून निघाल्या की त्या वाटेतल्या गिरणीत थांबत, गिरणीवाल्याच्या काट्यावर गहू-तांदूळ वजन करून घेत आणि पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने आकडा मांडीत. पाच महिन्यांच्या पाच पावत्या त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या. पुढच्या बाजूला प्रत्येकीवर २०, मागच्या बाजूला १७, १६, १७, १६, १६. मी काय बोलणार? आम्ही दोघींनी बसून अर्ज लिहिला, पावत्यांच्या दोन्ही बाजूंच्या नकला जोडल्या आणि रेशनिंग ऑफिसात देऊन पोच घेतली. शिधावाटप निरीक्षक येऊन गेले. तेव्हापासून माप पुरे मिळते. तोंडी भांडण त्या बाईंनी आधी दोनदा केले होते आणि दोन्ही वेळा "फुकटच्या धान्याला काटा कसला लावता?" असे ऐकून परत आल्या होत्या. चार किलो म्हणजे त्या घरच्या चार-पाच दिवसांच्या पोळ्या.

या पावत्यांचा एक दुर्गुण आहे. त्यांचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, म्हणून उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवला की काही महिन्यांत अक्षरे उडून कोरा पडतो. तेव्हा घरी आल्याबरोबर तारीख आणि वजन बॉलपेनने पाठीवर लिहावे, आणि पावती फळीवरच्या डब्याखाली न सारता पिशवीत ठेवावी.

माझ्या पिशवीलाही सासूबाईंच्या पिशवीसारखे तीनच कप्पे आहेत. एकात मूळ कार्ड. ते दुकानाखेरीज बाहेर निघत नाही, इतरत्र नक्कल द्यावी. कार्डाचा बारा आकडी क्रमांक मी कॅलेंडरच्या मागेही लिहून ठेवला आहे. दुसऱ्यात महिनावार पावत्या. तिसऱ्यात नावे घालण्या-काढण्याचे कागद आणि अर्जांच्या पोचा. हा तिसरा कप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुतेक घरांत तो नसतोच!

लग्न होऊन सून घरात येते. माहेरच्या कार्डावरून तिचे नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या कार्डावर ते चढत नाही. माहेरचे म्हणतात, "पाठवू सावकाश." आणि मुलगी दोन-दोन वर्षे कोणत्याच कार्डावर नसते. लग्नात भांड्यांची यादी करतो, त्या यादीत हा दाखला पहिला लिहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बाळ झाले की जन्माचा दाखला मिळताच त्याचेही नाव घालावे.

"आमचे कार्ड केशरी, आम्हांला धान्य मिळतच नाही, मग खटाटोप कशाला?" असे काही भगिनी म्हणतात. तीन रंगांची कार्डे १९९९ साली झाली आणि पांढऱ्या कार्डाला धान्य नाही, केशरीपैकीही सर्वांना नाही, हे खरे. पण मे आणि जून २०२० आठवून पाहा. टाळेबंदीत केशरी कार्डावर माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी मिळाले. ट्रंकेच्या तळाशी गेलेली कार्डे त्या वेळी किती जणींनी उपसून काढली! आणि ज्या घरात दोन माणसांची नावे घालायची राहिली होती, तिथे दोन माणसांचे धान्य कमी आले.

मॉलच्या कुपनांबद्दलही कोणी तरी विचारीलच. ती मी तारखेच्या क्रमाने एका चिमट्यात लावते, आधी संपणारे वर. दोन साबणांवर एक फुकट असेल आणि साबण घरात असेल, तर ते कुपन मी सरळ शेजारी देऊन टाकते. त्यांची तारीख गेली तर फार तर दहा-वीस रुपये जातात. एवढे पुरे.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नसते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री असते. आपापले कार्ड घरी जाऊन उघडा आणि पहिल्या पानावर कोणाचे नाव आहे ते बघा. यजमानांना राग येणार नाही. आला तर कायद्याचे साल सांगावे.

अंगठा आणि आधार जुळवून घेण्याचे काम, ज्याला ई-केवायसी म्हणतात, ते कार्डावरील प्रत्येक माणसाचे व्हावे लागते. म्हाताऱ्या माणसांचे आणि भांडी घासणाऱ्या बायकांचे ठसे झिजलेले असतात. त्यांनी निराश होऊन परत फिरू नये. डोळ्यावरून किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटविता येते, हे दुकानदाराला सांगावे. दुकानात दाद लागली नाही, तर १९६७ या क्रमांकावर फोन करावा.

कार्यकारिणीच्या परवानगीने दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी ३ वाजता मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना अर्ज लिहावयाचे असतील, त्यांनी कार्ड, आधार आणि असतील तेवढ्या पावत्या घेऊन याव्यात. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बायकांनाही बरोबर आणावे. त्यांचे काम आधी करू. आणि कृपा करून कार्डाला टाचणी मारून आणू नका. ती नेमकी क्रमांकावरच बसते.