कवटी, चेहरा आणि एक चष्मा
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



गणपतीच्या मांडवात कवटीचा विषय काढतो आहोत, त्याबद्दल आधीच माफी असावी. कार्यवाह म्हणाले, ‘तुमच्या कामाबद्दल बोला’, आणि आमचं काम हेच. आम्ही राज्य सरकारच्या नोकरीतले डिप्लोमावाले. अहवालावर सही साहेबांची, संगणकावर कवटी फिरवायची आम्ही.

बेवारस कवटी सापडली की पोलीस ती आणतात, सोबत हरवलेल्या माणसाचा फोटो. कवटीचं सीटी स्कॅन करून त्रिमितीय मॉडेल बनतं. ते फोटोतल्या चेहऱ्याखाली बसवायचं. आधी कवटी सरळ धरायची: कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या पातळीत. हे जर्मनीत फ्रँकफर्टला ठरलं, आजही तेच चालतं. मग नाकाचं मूळ, डोळ्यांचे कोपरे, हनुवटी अशा खुणा जुळवायच्या.

त्या माणसाचं जिवंतपणीचं स्कॅन मिळालं तर काम सोपं. दोन्ही मॉडेलं त्रिमितीय असतात. संगणक एकाच्या प्रत्येक बिंदूला दुसऱ्यावरचा सर्वांत जवळचा बिंदू शोधतो, थोडं सरकवतो, पुन्हा शोधतो. बेस्ल आणि मॅके यांनी 1992 मध्ये मांडलेली ही रीत. पण सुरुवातच वाकडी झाली तर ती वाकड्याच जागी समाधानाने थांबते. म्हणून पहिली मांडणी माणसाने करायची.

फोटोची गोष्ट निराळी. जवळून काढलेल्या मोबाइलच्या फोटोत नाक मोठं दिसतं, कान मागे जातात. आणि मुख्य म्हणजे फोटोला माप नसतं.

आता 1935 सालचं रक्स्टन प्रकरण सांगतो. इंग्लंडात लँकेस्टरला राहणारा, मुळात मुंबईत जन्मलेला हा पारशी डॉक्टर. त्याच्यासोबत पत्नी म्हणून राहणारी इझाबेला आणि घरची मोलकरीण यांचे अवशेष स्कॉटलंडमध्ये मॉफॅटजवळच्या ओढ्यात सापडले. शरीरशास्त्रज्ञ ब्रॅश यांनी कवटीचा फोटो इझाबेलाच्या फोटोवर बसवून पाहिला. फोटो नक्की किती मोठा करायचा? तिच्या डोक्यावर तियारा होता. त्या तियाऱ्याच्या मापावरून प्रमाण ठरवलं. इतर पुरावाही भक्कम होताच. 1936 च्या मे महिन्यात रक्स्टनला फाशी झाली.

आमच्याकडे असंच एक प्रकरण आलं. एका आईने मुलाचा फोटो दिला होता. आम्ही कवटी बसवली आणि काय सुंदर बसली! नाक, डोळे, हनुवटी, सगळं. पोलिसांना ‘जुळतंय’ असं तोंडी सांगूनही टाकलं. साहेबांनी पडदा पाहिला आणि एवढंच विचारलं, ‘फोटो मोठा किती केलात?’ आम्ही गप्प. बसेपर्यंत मोठा केला होता, दुसरं काय!

फोटोत मुलाला चष्मा होता. तोच चष्मा घरी कपाटात निघाला. दुसरा करून घेऊन तो गेला होता. चौकट मोजली, कवटी आणि फोटो एकाच प्रमाणात आणले. मग कवटीची हनुवटी चेहऱ्याच्या कडेबाहेर निघाली. मांसाची जाडी माणसागणिक बदलते, त्यामुळे ‘हा तोच’ असं आमच्या पडद्यावरून छातीठोक म्हणता येत नाही. त्याला डीएनए किंवा दात हवेत. पण हाड चेहऱ्याबाहेर आलं तर ‘हा नव्हे’ हे बऱ्याच भरवशाने सांगता येतं. पुढे डीएनएचा अहवालही तसाच आला.

आमचं तोंडी ‘जुळतंय’ मात्र तोवर त्या घरापर्यंत पोचलं होतं. बाराव्याची तयारी चालू होती म्हणे. चष्मा परत द्यायला आम्हीच गेलो. आजींनी तो पदराने पुसला, विचारलं, ‘मग तो कुठे आहे?’ आम्ही ‘ठाऊक नाही’ म्हणालो. त्यांनी चहा ठेवला.