इंजिनात पाणी शिरले, दोष कोणाचा?

(मासेमारी नौकांवरील इंजिन-कामगारांच्या अभ्यासवर्गात रेल्वे कामगार संघटनेच्या सचिवांनी केलेले भाषण)



आम्ही रेल्वेतली माणसे. समुद्र तुम्ही जाणता, आम्ही नाही. परंतु डिझेल इंजिन रुळावर चालो की पाण्यावर, त्याच्या पोटातले दुखणे बरेचसे सारखेच असते. आमची उमेद डिझेल शेडमध्ये १६ सिलिंडरच्या इंजिनांवर गेली. तिथे सिलिंडरमध्ये पाणी सापडले की पहिला कागद निघे तो कामगाराच्या नावाने. तुमच्याकडे कागदही निघत नाही. मालक म्हणतो, “ड्रायव्हरने इंजिन घालवले,” आणि हंगामाच्या हिशेबातून रक्कम वळती होते. म्हणून आज आपण एकच गोष्ट शिकायची. आधी पाण्याची वाट शोधायची, माणसाचा दोष त्यानंतर.

इंजिन सेल्फला अडले, “टक्” असा आवाज होऊन थांबले, तर पुन्हा बटण दाबू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा साधारण ६० मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाएवढी. त्याहून जास्त पाणी आत असेल आणि सेल्फचा जोर बसला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग जे काम ऑइल बदलून भागले असते, ते पूर्ण इंजिन उतरवण्यावर जाते.

तेव्हा प्रथम समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. डिझेल बंद करा. डिपस्टिक काढून पाहा. ऑइल दुधाळ दिसले किंवा पातळी वर चढलेली असली, तर पाणी सम्पपर्यंत पोचले आहे. नंतर सर्व नोझल काढा आणि इंजिन हाताने, फ्लायव्हीलवरून, सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. तोंड भोकांवर नेऊ नका, पाणी जोरात उडते. आमच्या शेडमध्येही लोको बराच वेळ उभा राहिला की टेस्ट कॉक उघडून इंजिन आधी हाताने फिरवीत. कोणत्या क्रमांकाच्या सिलिंडरमधून पाणी आले ते तिथल्या तिथे वहीत लिहा.

आता पाणी कोणते ते पाहा. खारे की गोडे? चव घेऊन पाहण्याची सवय सोडा. कूलंट विषारी असते. थोडे पाणी स्वच्छ पत्र्यावर आटवा. पांढरा मिठाचा थर भरपूर राहिला तर पाणी समुद्राचे. कूलंटचा रंग दिसला, आणि गोड्या पाण्याच्या टाकीची पातळीही उतरली असेल, तर ते इंजिनाचे आतले पाणी. या एका परीक्षेने निम्मा शोध लागतो.

पाणी गोडे असेल तर संशय हेड गास्केट, हेडची चीर, लायनर यांवर. शेजारशेजारचे दोन सिलिंडर ओले असतील तर दोघांमधले गास्केट आधी पाहावे. एकच ओला असेल तर हेड किंवा लायनर तडकला असण्याचा संभव. खात्री करायची तर नोझल काढलेल्या स्थितीत गोड्या पाण्याच्या मार्गाला हातपंपाने, टाकीच्या झाकणावर लिहिला आहे तेवढाच दाब द्यावा आणि काटा उतरतो का ते पाहावे. काही चिरा इंजिन तापल्यावरच उघडतात. थंड इंजिन पास झाले म्हणून तपास संपत नाही. पूर्वी चालू इंजिनात टाकीत बुडबुडे येत होते का, हेही खलाशांना विचारावे.

पाणी खारे असेल तर वाट बहुधा बाहेरची. ज्या नौकांवर समुद्राचे पाणी एक्झॉस्टमध्ये सोडतात, तिथे एक्झॉस्टचा कोपरा आतून गंजून भोक पडते. ते पाणी सोडण्याची जागा समुद्राच्या पातळीखाली किंवा जेमतेम वर असेल आणि पाइपात हवा घेणारा व्हॉल्व्ह नसेल किंवा मिठाने बसलेला असेल, तर इंजिन बंद असताना पाणी आपोआप ओढले जाऊन सायलेन्सर भरतो व मागे उलटतो. इंजिन सुरू होत नाही म्हणून सेल्फ मारीत राहिले तरी तेच घडते. पंप पाणी ढकलतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. उभ्या इंजिनात ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यातच हे पाणी शिरते. म्हणून एकच सिलिंडर ओला दिसला की लगेच हेडवर ठपका ठेवू नये. एक्झॉस्टची नळी खोलून आत पाहावी. ती कोरडी असेल तर हवेच्या बाजूचा इंटरकूलर तपासावा. त्याची नळी फुटली तर पाणी हवेबरोबर आत येते.

खारे पाणी निघाले तर त्याच दिवशी सिलिंडर कोरडे करून आत ऑइल सोडा. ऑइल व फिल्टर बदला, आणि दुधाळपणा जाईपर्यंत पुन्हा बदला. एक रात्रही गंजाला पुरते.

आता हिशेबाची गोष्ट. वरची कारणे पाहा. गंजलेला कोपरा, नसलेला व्हॉल्व्ह, फुटलेली नळी. यांत ड्रायव्हरचा हात किती आणि देखभालीवर पैसे न घालणाऱ्याचा किती? हे ठरते ते पुराव्याने. १९३६ च्या वेतन कायद्यात तत्त्व होते की, नुकसानीपोटी कपात करायची तर ती कामगाराच्या हयगयीने झालेल्या नुकसानीपुरतीच, आणि त्याला बाजू मांडण्याची संधी दिल्यावरच. २०१९ च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. वाटणीवर काम करणाऱ्याला ते लागू होते की नाही यावर मालक वाद घालील. पण न्यायाची रीत म्हणून ती मागण्याचा हक्क आपल्याला कोणी नाकारू शकत नाही.

त्यासाठी तीन गोष्टींची सवय लावा. इंजिनाची वही रोज लिहा. दुरुस्ती मागितली तर तारखेसह त्यात नोंदवा आणि मालकाची सही घ्या. इंजिन उघडताना तांडेल, ड्रायव्हर आणि मालकाचा माणूस, तिघे हजर असू द्या. निघालेला गंजका भाग भंगारात जाऊ देऊ नका, संघटनेच्या कचेरीत आणून ठेवा.

बंधूंनो, हातात पाना धरणाऱ्याने पेनही धरले पाहिजे. आपली बाजू लिहिलेली असेल तरच हिशेबाच्या दिवशी ती मांडता येईल.