भोंगा कुणाचा, आवाज कुणाचा

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललं तसंच ठेवलं आहे.)



अरब मुलूख म्हटलं की आपल्याला तेल आठवतं, शेख आठवतो, आणि व्हिसासाठी एजंटाच्या दारात बसलेला आपलाच एखादा भाऊ आठवतो. त्या मुलखात माणसं लिहितात, भांडतात, लिहिलं म्हणून मरतात, हे आपल्या पांढरपेशा पेपरांनी आपल्याला कधी धड सांगितलं नाही. म्हणून आज त्यावर बोलतो.

आधी रेडिओ होता. १९५३ साली कैरोहून ‘सौत अल-अरब’ सुरू झाला. म्हणजे अरबांचा आवाज. नासरचा आवाज. इंग्रज-फ्रेंचांच्या विरुद्ध तो गरजला आणि एडनपासून अल्जीरियापर्यंत गोरगरीब त्याला कान लावून बसले. ही कमाई खोटी नव्हती. पण १९६० साली त्याच नासरने देशातली मोठी वर्तमानपत्रं सरकारच्या ताब्यात घेतली. उलटं बोलणारं तोंडच राहिलं नाही. मग काय झालं? ५ जून १९६७. इजिप्तची विमानं जमिनीवर उभी जळत होती आणि रेडिओ ओरडत होता की आपण दुश्मनाची विमानं पाडतोय! कैरोत लोक आनंदाने नाचले. ९ तारखेला नासर स्वतः राजीनाम्याचं बोलला तेव्हा लोकांना कळलं की सगळं गेलंय. रणात मार इस्रायलने दिला, पण जनतेला फसवलं ते घरच्या आवाजाने.

आता दुसरा भोंगा. १ नोव्हेंबर १९९६. कतार नावाचा चिमुकला देश. वर्षभरापूर्वीच बापाला गादीवरून उठवून पोरगा अमीर झालेला. त्याने पैसे ओतले आणि ‘अल जझीरा’ चॅनेल काढलं. बीबीसीचं अरबी टीव्ही सौदी पैशाशी भांडण होऊन नुकतंच बंद पडलं होतं. तिथले पत्रकार इकडे आले. आणि अरब माणसाने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं की समोरासमोर दोन माणसं बसून त्याच्या राजाविषयी, धर्माविषयी, अमेरिकेविषयी कडाकडा भांडताहेत. १७ डिसेंबर २०१० ला ट्युनिशियात मोहम्मद बुअझीझी या हातगाडीवाल्याने पोलिसी जाचाला कंटाळून स्वतःला पेटवून घेतलं. देशातला टीव्ही गप्प होता. पोरांनी मोबाइलवर चित्रं काढली, ती या चॅनेलने घरोघर पोचवली. १४ जानेवारी २०११ ला बेन अली पळाला. ११ फेब्रुवारीला मुबारक गेला. राज्य उलथलं ते रस्त्यावरच्या माणसांनी. चॅनेलने एवढंच केलं की एका गावचं रडणं दुसऱ्या गावाला ऐकवलं. पण हे ‘एवढंच’ फार मोठं असतं.

आणि आता खरी गोम ऐका. त्याच कतारमध्ये मोहम्मद अल-अजामी नावाचा कवी होता. त्याने त्याच उठावांच्या बाजूने कविता केली. नोव्हेंबर २०११ मध्ये त्याला धरला. २०१२ साली जन्मठेप! पुढे ती १५ वर्षांवर आणली, आणि २०१६ साली माफी देऊन सोडला. म्हणजे शेजाऱ्याच्या सिंहासनाला आग लागली तर ती चॅनेलवर चोवीस तास दाखवणार, आणि घरातल्या कवीने काडी ओढली तर त्याला कोठडी. शेजारच्या बहारीनमध्ये मार्च २०११ ला सौदी फौजा घुसल्या, तेव्हा या चॅनेलच्या अरबी पडद्याचाही आवाज बारीक झाला.

आपल्यातले काही म्हणतील, मग साला शेखाचंच चॅनेल, फेकून द्या. मी म्हणतो, थांबा. २०१७ साली सौदी, अमिरात, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारची नाकेबंदी केली आणि १३ मागण्या पुढे टाकल्या. त्यात एक होती: अल जझीरा बंद करा. चार राजवटींना ज्याची भीती वाटते त्यात काहीतरी खरं असतंच. अर्धा खरा आवाजही जुलमी माणसाची झोप उडवतो. पण अर्ध्यावर आपण समाधान मानायचं का, हा सवाल आहे.

जमाल खशोगी हा काही कामगारांचा पुढारी नव्हता. सौदी राजघराण्याच्या सावलीत वावरलेला माणूस. २ ऑक्टोबर २०१८ ला इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत त्याला मारलं. त्याचा शेवटचा लेख मेल्यानंतर पंधरा दिवसांनी छापला गेला. त्यात त्याचं मागणं एकच होतं: अरबांना कुठल्याही सरकारच्या दावणीला नसलेला स्वतःचा मंच हवा. अरब देशांत ट्युनिशिया तेवढा मोकळा, असंही त्याने लिहिलं होतं. तिथेही सप्टेंबर २०२२ ला ५४ नंबरचा हुकूम निघाला: ‘खोटी बातमी’ दिली तर पाच वर्षं तुरुंग. खोटी कुठली, हे ठरवणार कोण? तेच!

शेवटचं नाव माल्कम बिदाली. केनियाचा काळा पोरगा, कतारमध्ये वॉचमन. टोपणनावाने त्याने लिहिलं: खोलीत किती माणसं कोंबतात, ड्युटी किती तास, पगार कसा. मे २०२१ मध्ये त्याला उचलला, महिनाभर एकांतात ठेवला, २५,००० रियाल दंड ठोकला. त्याच्याकडे ना उपग्रह, ना स्टुडिओ. एक मोबाइल होता. तरी सरकार घाबरलं. कारण तो मालकाने दिलेल्या भोंग्यातून बोलत नव्हता.

गोदीत राबणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. भोंगा मालकाचा, वेळ मालकाची. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला तो याच हिशेबाने. दुसऱ्याच्या छापखान्यात आपलं दुःख जागा उरली तरच छापतात.

तेव्हा दोस्तांनो, अल जझीरा बघा, पण पैसे कुणाचे हे विचारून बघा. आखातात आपल्या वस्तीतली पोरं आहेत. त्यांची पत्रं, त्यांचे फोन, त्यांचा बुडालेला पगार हे आपल्या या चार पानांत आलं पाहिजे. नाव झाका, पण हकिगत झाकू नका. पुढच्या अंकासाठी मजकूर गोळा करायला उद्यापासून लागा.

जयभीम!